मुळांचं प्लास्टर

हाडांच्या दवाखान्यात तळमजल्यावर, जिन्याखाली, एक खोली होती. खोलीत रेक्झिन फाटलेलं टेबल, एक सिंक, गरम पाण्याचा म्हणून लावलेला पण गारच पाणी देणारा नळ, आणि काका. काकांनी उभं आयुष्य त्या खोलीत प्लास्टर घालण्यात आणि काढण्यात घालवलं. डॉक्टर हाड बसवायचे, दोन ओळी खरडायचे आणि वर निघून जायचे. पुढचं काका बघायचे. आधी कापसाचा थर. मग पाण्यात बुडवून पिळलेली पट्टी, तिच्यावर दुसरी, मग तिसरी. मग तळहातानं सगळं गुळगुळीत करणं. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, आणि प्रत्येक पेशंट तेव्हा दचकतो. त्यासाठी काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं.

"गरम लागेल, घाबरायचं नाही. मग गार होतं."

गल्लीत सगळे त्यांना प्लास्टरकाका म्हणायचे. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, मनगटं राहायची. बाजारात कुणी पिशवी उचलली की काका म्हणायचे, "डावा हात. शिडीवरून पडला होतात." समोरचा खूश व्हायचा. त्याचं नाव मात्र काकांना जन्मात आठवलं नसतं.

एका बाबतीत ते हट्टी होते. ज्यानं प्लास्टर घातलं त्यानंच ते काढावं. आत कुठे किती थर आहेत हे त्यालाच ठाऊक असतं. काही लोक कंटाळून घरीच भाजीच्या सुरीनं प्लास्टर कापायचे आणि रक्त काढून दवाखान्यात यायचे. अशांशी काका बोलायचे नाहीत. नुसते बघायचे.

निवृत्त झाले तेव्हा दवाखान्यानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी आणखी दोन गोष्टी मागून घेतल्या. तारीख उलटलेल्या पट्ट्यांचं एक खोकं, आणि प्लास्टर कापायची लांब दांड्याची जुनी कात्री.

"या पट्ट्यांचं काय करणार आहात?" काकूंनी विचारलं.

"असू देत."

"मला माहीत आहे. माझ्या तोंडावर घालणार आहेत." हे काकूंनी शेजारच्या बसड्रायव्हरला, कुंपणावरून, काकांच्या देखत सांगितलं.

बसड्रायव्हर म्हणाला, "काका, घालायचं झालं तर मला बोलवा. धरायला माणूस लागेल."

*

तमालपत्राचं झाड सुनेनं आणलं होतं, काका नोकरीत असतानाच. लग्नानंतर ती या घरात आली ती दोन बॅगा, एक शिलाई मशीन आणि एक कुंडी घेऊन. कुंडीत भाताच्या पळीएवढं रोप होतं. काकू म्हणाल्या, "हे दुकानात पुडीत मिळतं. लावायला कशाला हवं?" सुनेनं एक पान तोडलं, चुरगळलं आणि त्यांच्या नाकाखाली धरलं. काकू गप्प बसल्या. ते फार क्वचित घडायचं.

स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून जिथे सकाळचं ऊन येतं आणि वारा अडतो, तिथे तिनं ते लावलं. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावून आली की चहा घेऊन झाडाशी जायची. काका दवाखान्यातून आले की तेही जायचे. मुलगा जायचा नाही. त्याला झाडाचं वावडं नव्हतं, पण त्याला बऱ्याच गोष्टींचं काहीच नव्हतं.

काकांना झाडाबद्दल जे काही कळत होतं, ते तिच्याकडून आलेलं. माती वरून दोन बोटं कोरडी झाल्याशिवाय पाणी घालायचं नाही, मुळं कुजतात. कुंपण कापायची मोठी कात्री या झाडाला लावायची नाही. तिनं पानं मधोमध कापली जातात आणि कापलेल्या कडा तांबूस होतात. छोट्या कात्रीनं एकेक डहाळी, पानाच्या बगलेशी कापायची. बुडातून फुटवे येत राहतात, ते वेळीच काढायचे. पानं चिकट लागायला लागली आणि खोडावरून मुंग्यांची ये-जा दिसली की पान उलटं करून बघायचं. मागे शिरेला चिकटून मसुरीच्या डाळीसारखे खवले बसलेले असतात. ते साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून पुसून काढायचे, पान पान करून.

हे पान पान करून पुसणं काकांच्या हाताला जमलं. दर रविवारी दुपारी सासरा आणि सून झाडाच्या दोन बाजूंना स्टुलावर बसून पानं पुसायचे. बोलणं फार नसायचं.

"बाबा, वरच्या फांदीवर आहेत."

"दिसले."

"तुम्हाला नंबर लागलाय. उद्या दुकानात या, चष्मा बघू."

"मला खवले दिसतात ना? मग पुरे."

काही वर्षांनी ती आणि मुलगा वेगळे झाले. आरडाओरडा नाही, भांड्यांची आदळआपट नाही. एकाच कपाटातले कपडे दोघांनी दोन बाजूंना सारावेत, तसं ते झालं. काकूंनी आधी मुलाला झापलं, मग सुनेला झापलं, मग स्वयंपाकघरात जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला. सुनेनं बॅगा आणि मशीन उचललं. तिला भाड्याची खोली मिळाली होती ती तिसऱ्या मजल्यावर.

फाटकात ती म्हणाली, "झाड राहू दे इथे. माझं अंगण झालं की नेईन."

"राहू दे," काका म्हणाले.

कागदावर ती आता सून राहिली नव्हती. पण घरात कुणाला दुसरा शब्द सापडला नाही, म्हणून तोच चालू राहिला.

आणि ती रविवारी येत राहिली. झाडासाठी. पहिल्या रविवारी काकू तिच्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या रविवारी त्यांनी चहाचा कप खिडकीतून बाहेर सरकवला. पुढे पुढे स्टुलं तीन झाली. काकू पानं पुसायच्या नाहीत, पण बसायच्या आणि गल्लीतल्या बातम्या सांगायच्या. बसड्रायव्हरच्या बायकोनं एकदा विचारलं की सून अजून येते का. काकू म्हणाल्या, "ती झाडाला भेटायला येते. आम्ही झाडाच्या आजूबाजूला राहतो, म्हणून आमचीही भेट होते."

काका हे ऐकून हसले नाहीत. त्यांना ते तंतोतंत खरं वाटलं.

*

झाड काकांच्या डोक्याच्या वर गेलं होतं तेव्हा एका रविवारी ती नेहमीपेक्षा लवकर आली. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला तिला छोटं बैठं घर मिळालं होतं. मागे अंगण होतं. चटईएवढं, पण अंगण. दोन बस बदलून जावं लागायचं.

"बाबा, झाड न्यायचं."

"न्यायचं की."

"असं उचलून नाही जमणार. आत्तापासून तयारी करावी लागेल." तिनं काठीनं झाडाभोवती मातीत एक गोल काढला. "इथून चर खणायचा. बाहेर जाणारी मोठी मुळं तोडायची आणि चरात खत घालून बुजवायचं. मग आतल्या आत बारीक मुळं फुटतात. थंडी सरताना नेऊ. बारीक मुळं असली तर झाड जगेल, नाहीतर नाही. कराल ना?"

"करतो."

काकांना काम समजलं होतं. कुदळ घरात होती. अंगात ताकद होती. त्या आठवड्यात ते रोज कुदळ घेऊन बाहेर गेले आणि तशीच घेऊन आत आले. त्यांना दुसरीही एक गोष्ट समजली होती. चर खणला की झाड जाणार. झाड गेलं की रविवारी या फाटकातून आत येण्याचं तिला काही कारण उरणार नाही. घटस्फोटित मुलगी आधीच्या सासऱ्याकडे कशाला येते, असं कुणी विचारलं तर तिच्याकडे आजवर उत्तर होतं. आता नसणार.

पुढच्या रविवारी तिनं विचारलं, "चर खणलात?"

"चालू आहे."

त्याच्या पुढच्या रविवारी काकांनी सकाळीच खुरपं घेतलं. तिनं काढलेल्या गोलावरून त्यांनी माती हातभर रुंद भुसभुशीत केली. खोल नाही, वीतभरसुद्धा नाही. वर काळं खत पसरलं आणि पायानं दाबलं. वरून बघणाऱ्याला वाटावं, चर खणून बुजवलाय. मुळांना त्यांनी हात लावला नव्हता.

ती आली, वाकून बघितलं. "छान झालंय. फार कष्ट पडले का?"

"नाही," काका म्हणाले. हे तेवढं खरं होतं.

ती गेल्यावर काकू दारात उभ्या होत्या. "तुम्ही खणलं नाहीत."

"उद्या खणतो."

"तुमच्या 'उद्या'ला मी लग्नापासून ओळखते."

दिवस लहान झाले, थंडी आली. सून दर रविवारी येऊन त्या गोलावर पाणी शिंपडायची, आतली न फुटलेली बारीक मुळं जगावीत म्हणून. काका पानं पुसत राहिले. एक-दोनदा त्यांनी तोंड उघडलं. मग म्हणाले, मुंग्या वाढल्यात.

*

थंडी सरता सरता ती म्हणाली, "शनिवारी टेम्पो सांगितलाय."

शुक्रवारी सकाळी काकांनी कुदळ उचलली आणि पहिल्यांदा खरोखर खणलं. कमरेएवढं खोल जाईस्तोवर ते थांबले नाहीत. मुळं अंगठ्याएवढी जाड होती, दोरखंडासारखी लांब गेलेली, भिंतीखालून, फरशीखालून, बसड्रायव्हरच्या आवारात. त्यांनी ती एकेक तोडली. तोडलेली टोकं पांढरी आणि ओली दिसत होती. ज्या बारीक मुळांनी माती धरून ठेवायची, ती तिथे नव्हतीच. झाड हललं की मातीचा गोळा ढासळायचा. काकांनी दोन्ही हातांनी एका बाजूनं माती दाबून धरली तर दुसऱ्या बाजूनं घळघळ सुटली.

बसड्रायव्हर कुंपणाशी आला. "काका, गोणपाट बांधा. देऊ का माझ्याकडचं?"

काका खड्ड्यात उभे राहून त्या गोळ्याकडे बघत होते. तुटलेलं, निसटणारं, जागेवर धरून ठेवायला हवं असं काही समोर आलं की काय करायचं हे त्यांचे हात आयुष्यभर शिकले होते. ते वर आले, आत गेले, आणि पलंगाखालून खोकं ओढून काढलं.

काकूंनी बादलीभर पाणी आणून दिलं. काही विचारलं नाही. मग विचारलंच. "झाडाचा पाय मोडलाय का?"

"धर जरा इथे."

आधी कापूस. मग पट्टी. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत पाण्यात, मग पिळून, मग गोळ्याभोवती, खालून वर, अर्ध्यावर अर्धी चढवत. हात चालायला लागले तसे काका विसरले की आपण कुठे आहोत. माती सुटायची थांबली. गोळा एकसंध झाला. वजन फार, म्हणून त्यांनी आणखी थर चढवले. मग आणखी. खोकं रिकामं होईपर्यंत. शेवटी तळहातानं सगळं गुळगुळीत केलं, आणि सवयीनं हात तसाच ठेवून थांबले. प्लास्टर तापायला लागलं. चांगलंच तापलं.

"गरम लागेल," काका खालच्या आवाजात म्हणाले, "घाबरायचं नाही."

काकूंनी ते ऐकलं. या एका गोष्टीवर त्यांनी पुढे कधीच विनोद केला नाही.

प्लास्टर गार झालं. पांढरंशुभ्र, गोल, देखणं. आयुष्यातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात चांगलं प्लास्टर झालं होतं. माणसाच्या पायावर काकांनी इतके थर एकावर एक कधीच घातले नसते. माणूस ओरडतो.

*

शनिवारी टेम्पोवाला आत आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"हे झाड आहे की पेशंट?"

"पेशंट," बसड्रायव्हर म्हणाला. "ऑर्थोपेडिक."

"मग अॅम्ब्युलन्स सांगायची ना."

सून हसली नाही. ती खड्ड्याच्या काठाशी बसली होती. डोळे तपासणारी बाई ती. खड्ड्याच्या भिंतीतून जाड मुळांची ताजी, पांढरी टोकं बाहेर डोकावत होती, चारी बाजूंनी. तिनं एका टोकाला बोट लावून बघितलं.

"बाबा, चर खणलाच नव्हतात."

"नाही."

"मी दर रविवारी विचारत होते."

"हो."

"दर रविवारी पाणी घालत होते त्या गोलावर. तुम्ही शेजारी बसून बघत होतात."

टेम्पोवाला आणि बसड्रायव्हर दोरखंड तपासत राहिले, जणू दोरखंडात काही लिहिलं होतं.

"का?" तिनं विचारलं.

उत्तर खिडकीतून आलं. "झाड गेलं की तू कशाला येशील, म्हणून," काकू आतून म्हणाल्या. "एवढं साधं आहे. त्यांना बोलता येत नाही, म्हणून मी सांगते."

सून उठली. हाताची माती झटकली. "चला," ती टेम्पोवाल्याला म्हणाली, "दुपार व्हायच्या आत पोचायचंय."

फळीवरून चौघांनी तो पांढरा गोळा वर चढवला. तिनं मागचा दरवाजा लावला आणि पुढे बसायला गेली. काका फाटकात उभे होते. मग एकाएकी ते आत गेले आणि कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीतून लांब दांडे बाहेर आले होते.

"प्लास्टर काढावं लागेल," ते म्हणाले. "तुला जमणार नाही. ज्यानं घातलं त्यानंच काढायचं असतं."

ती थोडा वेळ समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिली. मग सरकून तिनं जागा केली.

*

तिच्या अंगणात खड्डा तयार होता, नीट, चौकोनी. झाड आत उतरवल्यावर काका गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी प्लास्टर उभं कापलं, दोन बाजूंनी. शिंपला उघडावा तशी दोन अर्धी निघाली. आत, प्लास्टरच्या कडेची मुळं काळपट पडली होती आणि मऊ. काकांनी एक मूळ दोन बोटांत धरलं. त्याची साल निसटून हातात आली.

"भाजलं," ते म्हणाले. "फार थर घातले मी."

"माती लोटा बाबा," ती म्हणाली.

तिनं वरची निम्मी पानं छाटून टाकली, मुळांवर भार नको म्हणून. काका पुढच्या रविवारी दोन बस बदलून आले. आपण यावं की नाही हे त्यांनी विचारलं नाही. पेशंट बघायचा होता. तिनं दार उघडलं. बोलणं बेताचंच. पानं करपत चालली होती. त्याच्या पुढच्या रविवारी ती गळाली.

काका नखानं साल खरवडून बघायचे. आत हिरवं असलं तर जीव आहे. आधी शेंड्याशी खरवडलं, तपकिरी. वीतभर खाली, हिरवं. "आहे," ते म्हणाले. पुढच्या खेपेस तिथेही तपकिरी निघालं, मग आणखी खाली. तिसऱ्या रविवारपासून काकू सोबत यायला लागल्या. त्यांनी बाहेर सांगायला कारण तयार ठेवलं होतं: यांना दुसरी बस सापडत नाही. त्या आल्यावर घरात बोलणं सुरू झालं. सून चहा करायची, काकू तिच्या स्वयंपाकघरातले डबे उगाच इकडचे तिकडे करायच्या, ती ते परत जागेवर ठेवायची. काका अंगणात. दर खेपेस त्यांचं नख जरा खाली जायचं, आणि ते "आहे" म्हणायचे, जरा हळू.

मग एका रविवारी नख जमिनीला टेकलं. त्यांनी बुंध्याभोवतीची माती बोटांनी उकरली आणि मातीच्या आतही खरवडून बघितलं. बराच वेळ ते तसेच ओणवे होते. उठून घरात आले, हात धुतले, चहा घेतला. त्या दिवशी "आहे" म्हणाले नाहीत. सुनेनं विचारलं नाही.

पुढच्या रविवारी काकांनी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खुर्चीत बसले. भिंतीवर दवाखान्याचं घड्याळ चालू होतं. नेहमीची बस गेली असावी. काकू पलंगावर पाय खाली सोडून बसल्या होत्या. बाहेर खड्ड्याच्या जागी माती खचून उथळ बशी झाली होती आणि तिच्यात बसड्रायव्हरची मांजर झोपली होती.

"जायचं नाही?" काकूंनी विचारलं.

"कशाला जायचं?"

काकूंनी घड्याळाकडे बघितलं.

फोन वाजला तो काकूंनी उचलला, ऐकला आणि काकांच्या कानाला लावला.

"बाबा, उशीर झाला आज?"

"झाड गेलं," काका म्हणाले. "गेल्या वेळीच कळलं मला. सांगितलं नाही."

"माहीत आहे. मंगळवारी काढून टाकलं मी ते." पलीकडे भांड्याचा आवाज आला. "आधण ठेवू की नको, एवढंच विचारतेय. पाणी आटून जातं."

काका म्हणाले, "दोन बस आहेत. वेळ लागेल."

"मग निघा."

काकू उठल्या. त्यांच्या पायात चपला होत्या. "मी केव्हाची घालून बसलेय," त्या म्हणाल्या.

काकांनी सवयीनं खुंटीवरची कापडी पिशवी उचलली. दारापर्यंत गेल्यावर तिचं वजन हाताला जाणवलं. आतली कात्री एकदा बाहेर काढून त्यांनी बघितली, परत ठेवली, मागे जाऊन पिशवी खुंटीला अडकवली आणि रिकाम्या हातांनी दाराला कुलूप लावलं.